आरएक्सचं गिअर ऑइल: बोल्टसोबत आटेही बाहेर

मागच्या वेळी माझ्या यामाहा आरएक्स १०० च्या गिअरबॉक्समधून पाणी मिसळलेलं, कटिंग चहाच्या रंगाचं ऑइल निघालं होतं, त्याचा निकाल आधी सांगून टाकतो. क्लच कव्हरचं पॅकिंग निर्दोष होतं, पाणी ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जायच्या पाइपातून आत जात होतं. तापलेलं इंजिन ओढ्यात उतरलं की आतली हवा एकदम आकसते आणि पाइपाचं तोंड बुडालेलं असेल तर पाणी ओढून घेते. पाइप लांब करून टाकीखाली नेला. मुळशीकडचेच ओढे, तेवढंच गुडघाभर पाणी, आणि काल ऑइल सोडलं तर मधासारखं! दोन मिनिटं नुसता ट्रेकडे बघत बसलो.

मग हातातल्या, ऑइल सोडायच्या बोल्टकडे लक्ष गेलं. त्याच्यावर चकचकीत ॲल्युमिनियमची स्प्रिंग गुंडाळलेली. केसिंगचे, म्हणजे इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे आटे मुळासकट सोबत आले होते. खाचांत टेफ्लॉन टेपचे जुने धागेही होते, म्हणजे हा रोग माझ्या आधीचा. अर्थात मागच्या वेळी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) बाहेर काढायचा कंटाळा करून मीही अंदाजानेच आवळला होता.

एका मेकॅनिकने एम-सील सुचवलं. दुसरा म्हणाला, जाडा बोल्ट पिळून बसवू. दोघांनाही नमस्कार. गाडी १९९४ ची, आरएक्स १०० बंद झाली १९९६ ला. केसिंगला तडा गेला तर नवं आणू कुठून? नाना पेठेतून हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या कॉइलचा) किट आणि मूठभर तांब्याचे वायसर आणले. वायसर दर वेळी नवाच टाका, चार रुपयांसाठी जीव अडकवू नका.

पेट्रोल काढलं, गाडी जुन्या गादीवर आडवी केली. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या खाचांत ग्रीस भरलं, पाव वळसा आत, पूर्ण बाहेर, फडक्याने पूस, पुन्हा ग्रीस. कीस ग्रीसला चिकटून येतो. एका भोकाला पाऊण तास लागला, पण आटे असे सुरेख पडले की बोटाने चाचपत राहावंसं वाटलं. कॉइलही सरळ बसली.

कॉइलच्या टोकाला आडवी शेपटी असते, ती शेवटी तोडायची. तोडली. टक्! आणि ती गेली आत.

मॅग्नेट घालून अर्धा तास ढवळलं आणि मग ट्यूब पेटली की कॉइल स्टेनलेसची आहे, मॅग्नेट तिला कशाला धरेल? शेपटी आत असताना किक मारायचा प्रश्नच नाही. दोन गिअरच्या दातांत सापडली तर आटे परवडले म्हणायची वेळ येईल. गाडी उभी केली, डिझेल ओतून गदागदा हलवली आणि चहाच्या गाळणीतून सोडलं. पहिल्यांदा थोडा कीस. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा गाडी पुढच्या चाकावर उतरती धरली, तरी काहीच नाही.

आता वाटतंय, हेलिकॉइलऐवजी लेथवाल्याकडून आख्खं बुशिंग (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) करून घेतलं असतं तर शेपटीचं लफडंच नव्हतं. पुढच्या वेळी तेच. निदान तोडण्याआधी शेपटीला ग्रीसचा गोळा तरी लावा.

आज क्लच कव्हर उघडायचं ठरवलं होतं, पॅकिंग आणि क्लच प्लेटाही आणून ठेवल्या. उघडण्याआधी सहज भोकात टॉर्च मारली, तर आतल्या काठावर ग्रीसच्या थेंबात ती चिकटून बसलेली. भाताच्या शितापेक्षा लहान. चिमट्याने अलगद काढली.

६५० मिली नवं ऑइल भरलंय, २० डब्ल्यू ४०, जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या बाइकच्या क्लचला चालणारं. कारचं उरलेलं ऑइल यात ओतू नका, क्लच घसरतो. इंजिनखाली सकाळपासून पुठ्ठा ठेवलाय, अजून कोरडा आहे. प्लेटा आणल्याच आहेत, तर रविवारी कव्हर उघडूनच टाकतो.