तुम्ही विचारलंत म्हणून: कढईत तेल किती?

दिवाळीचा वास लागला की फोन सुरू होतात. "तळणीला तेल किती घेऊ हो?" मी "कढई केवढी आहे" असं विचारते, तर पलीकडून "आपली नेहमीचीच की!" नेहमीची म्हणजे तुळशीबागेतून परवा आणलेली की सासूबाईंची लोखंडी, ते कळल्याशिवाय आकडा कुठून आणू? माणसं किती आहेत ते मात्र न विचारता सांगतात. माणसांवरून पुऱ्या ठरतात. तेल ठरतं कढईवरून.

यात माझाही दोष आहे. वर्षानुवर्षं मी "अर्धी कढई" असं सांगत आले. चूक म्हणणार नाही, अपुरं होतं एवढं कबूल. 26 सेंटिमीटर तोंडाची, मधोमध 8 सेंटिमीटर खोल कढई घ्या. काठोकाठ साधारण 2.4 लिटर मावतं. पण बूड गोल, त्यामुळे निम्म्या खोलीला, म्हणजे 4 सेंटिमीटरला, लागतं जेमतेम 670 मिली. 5 सेंटिमीटर केलंत की लिटर. बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी उंची, आणि साडेतीनशे मिली जास्त! "अर्धी" ऐकून कुणी निम्मी खोली धरतं, कुणी निम्मं माप, म्हणजे 1.2 लिटर. बिघडलं की दोघीही माझंच नाव घेतात.

ते अनारसे तर अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. माझ्या "अर्ध्या कढई"वर विसंबून याच मापाच्या कढईत लिटरभर नवं तेल ओतलं गेलं. पहिला अनारसा सोडला, तो 5 सेंटिमीटर खाली गेला आणि वर येताना हसला. जाळी पडण्याऐवजी कडा सुटल्या, कण पसरले, खसखस तेलभर झाली. दुसरा, तिसरा, तेच. खोल तेलात सुटलेल्या अनारशाला झाऱ्याने सावरता येत नाही. गुळाचे कण बुडाला बसून जळले, तेल काळवंडलं. त्याच तेलात मग चकल्या काढल्या, त्यांवर काळे ठिपके, चवीला कडवट. मलमलच्या फडक्यातून गाळून कण निघाले, जळका वास राहिला. लिटरभर तेल आणि चकलीचा पहिला घाणा, दोन्ही वाया.

मी तेव्हा ठामपणे म्हटलं होतं, पीठ ओलं होतं, गूळ जास्त होता. आजही म्हणते. अनारसा हसतो तो मुळात पिठामुळे. त्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून पुन्हा एकच टाकून बघायचा असतो. पण 18 सेंटिमीटरच्या छोट्या कढईत अडीच सेंटिमीटर तेल घेतलं असतं, तर लागलं असतं पावणेदोनशे मिली. अनारसा त्यात एका वेळी एकच, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचं तेल वर उडवायचं. हसला असता तरी पावणेदोनशेच गेलं असतं. म्हणजे दोष पिठाचा आणि नुकसान माझ्या मापाचं? असेल. पीठ मी मळलं नव्हतं, हेही लिहून ठेवते. बाकी काही असो, अनारसे सगळ्या तळणीच्या शेवटी करा.

आता माप. रिकाम्या कढईत मापाच्या भांड्याने पाणी ओता, पट्टी उभी धरून हव्या त्या उंचीला थांबा, किती मिली झालं ते लिहून ठेवा. हे एका कढईला आयुष्यात एकदाच. नंतर कढई पुसून गॅसवर पूर्ण कोरडी करा. थेंब राहिला तर तेल अंगावर उडेल. तेल मात्र पाण्यापेक्षा दहावा हिस्सा कमी घ्या, कारण 180 अंशांपर्यंत तापताना ते साधारण तेवढं फुगतं. पुरी, चकलीला 4 सेंटिमीटर, बटाटेवड्याला 5. वर काठापर्यंत किमान 3 सेंटिमीटर मोकळे हवेत. साबुदाणावड्याला जास्त, तो फार फेसाळतो. आणि दुकानात "किलोभर तेल" म्हणू नका. लिटरच्या पिशवीत 910 ग्रॅम असतं.

"कमी तेल ओतलं तर कमी तेलकट होईल ना?" नाही! इथे मी चिडते. कढईत ओतायचं तेल आणि पदार्थ पितो ते तेल हे दोन वेगळे हिशेब आहेत. थोड्या तेलात चार वडे एकदम पडले की ते गार होतं, वडा रेंगाळतो, कवच लवकर धरत नाही. शिवाय बरंचसं तेल आत जातं ते कढईतून काढल्यावर, आतली वाफ निवताना. म्हणून झाऱ्यावर कढईच्या काठाशीच नीट निथळा, मग चाळणीत उभं ठेवा. चकलीत कडकडीत मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, तिथे कढई भरून ओतलंत तरी उपयोग नाही. किती प्यायलं हे बघायचंच असेल, तर त्या 26 सेंटिमीटरच्या कढईत तापलेल्या तेलाची पातळी 4 सेंटिमीटरवरून अर्धा सेंटिमीटर उतरली म्हणजे दीडशे मिली गेलं. भर घालायची ती दोन घाण्यांच्या मध्ये, आणि पुन्हा तापू द्यायचं.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल हल्ली पुण्यात सगळ्यांना हवं असतं. फोडणीला छान. तळणीला ते रिफाइंडच्या बरंच आधी धुरायला लागतं, आणि महागाचं म्हणून पुन्हापुन्हा वापरलं जातं. तळलेले पदार्थ विकणाऱ्यांसाठी 2018 पासून पोलर घटकांची, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात साठणाऱ्या खराब घटकांची, 25 टक्क्यांची मर्यादा आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं. तेल दाट झालं, फेस बसेना, लवकर धुरायला लागलं, की टाका. जास्त ओतलं की टाकवत नाही, ही खरी अडचण. नेमकं ओतलेलं उरतं थोडं, ते दोन दिवसांत फोडणीत जातं.

"पण अंदाजे सांगा ना?" बरं. दोघांच्या पुऱ्यांना 20 सेंटिमीटरची, साडेसहा खोल कढई, साडेतीन सेंटिमीटर तेल, म्हणजे साडेतीनशे मिलीच्या आसपास. पुऱ्या एकेकच. फोनवर माझ्या तोंडून अजूनही "अर्धी कढई" निसटतं. निसटलं की तिथेच अडवा आणि सेंटिमीटर विचारा.