इंजिन जाम झालं, पण कशामुळे? सुरूर फाटा ते चेंबरची जाळी

पुण्याहून कराडला निघालो होतो. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाटा मागे टाकला आणि बोनेटखालून टक-टक असा जड आवाज यायला लागला. गाणी बंद करून नीट ऐकेपर्यंत गाडीने गचका दिला आणि पुढची चाकं करकचली. पाय क्लचवर गेला म्हणून गाडी सरळ राहिली. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरला आणि गाडी डाव्या कडेला घेतली.

सेल्फ मारला. 'टक्' असा एकच ठोका, डॅशबोर्डचे दिवे मंदावले आणि चावी सोडल्यावर पुन्हा उजळले. दिवे मंदावतात म्हणजे सेल्फची मोटर करंट ओढते आहे, पण फिरू शकत नाही. बॅटरी उतरलेली असली तरी असंच होतं, म्हणून तेवढ्यावर काही ठरवता येत नव्हतं. ऑइलची पट्टी काढून पाहिली. पातळी वरच्या खुणेला टेकलेली, ऑइल दुधाळ नाही, जळल्याचा वास नाही. कूलंटही भरलेलं.

जवळच्या गॅरेजमधून एक फिटर मोटारसायकलवर आला. त्याने सेल्फ मारून पाहिला आणि हात झटकून म्हणाला, "इंजिन गेलं सर. सीझ झालंय. उघडण्यात पैसे घालू नका, भंगार बाजारातून जुनं इंजिन आणून बसवू." त्याचं निदान कदाचित बरोबरही असेल, पण त्याने काहीच तपासलं नव्हतं. कारण न कळता दुसरं इंजिन बसवायचं आणि तेही असंच बसलं तर? मला ते पटेना.

हत्याराशिवाय करता येईल अशी एक तपासणी मला ठाऊक होती, ती तिथेच केली. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली, सहज सरकली. म्हणजे चाकं, ब्रेक, अ‍ॅक्सल मोकळे. मग पाचवा गिअर टाकून ढकलली, जागची हलेना. शेवटी गिअर तसाच ठेवून बायकोला क्लच दाबायला सांगितलं आणि ढकलली, तर पुन्हा सरकली. क्लचच्या अलीकडचं सगळं, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं, निर्दोष होतं. अडकलं होतं ते क्लचच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. शिवाय बॅटरीची शंकाही मिटली, कारण निव्वळ बॅटरी उतरली असती तर पाचव्या गिअरमध्ये गाडी जड का होईना, हलली असती.

कराडहून मेव्हणा आला आणि गाडी टोचन करून साताऱ्यात त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. वयस्कर माणूस, कमी बोलणारा. बोनेटला हात लावण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ऑइलचा दिवा गाडी बंद पडायच्या आधी लागला का नंतर?"

हा प्रश्न किती नेमका आहे ते मला तिथे उमगलं. इग्निशन चालू असताना इंजिन थांबलं की ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागतोच, त्याला काही अर्थ नसतो. आधी लागला असेल तर गोष्ट वेगळी. मी आवाजाकडे लक्ष देत होतो, पण बायकोने पाहिलं होतं. ती म्हणाली, "आधी लागला. आवाज सुरू झाला ना, तेव्हाच लुकलुकत होता."

"पण मिस्त्री, ऑइल तर पूर्ण भरलेलं आहे," मी म्हणालो.

"पट्टी पातळी सांगते साहेब. दिवा प्रेशर सांगतो. खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, ऑइल असणं वेगळं आणि वर बेअरिंगपर्यंत पोचणं वेगळं."

तरीही त्यांनी लगेच इंजिन खोललं नाही. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याला, जे जे जोडलेलं असतं ते एकेक करून सुटं केलं, आणि मला हीच पद्धत सगळ्यात मोलाची वाटते. आधी बाहेरचा बेल्ट काढला. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप यांपैकी एकाचं जरी बेअरिंग जाम झालं तरी बेल्ट इंजिन अडवून धरू शकतो, आणि कॉम्प्रेसर जाम झाल्याचं प्रकरण 'इंजिन सीझ' म्हणून खपवलं जाऊ शकतं. तिन्ही पुल्या हाताने फिरल्या. मग सेल्फ उतरवला, कारण त्याचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकवरच्या मोठ्या चाकाच्या, दातांत अडकून बसलं तरी इंजिन फिरत नाही. पिनियन मोकळं होतं. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून लांब दांडा घातला, मिस्त्री आणि मेव्हणा दोघांनी जोर लावला. सूतभरही हललं नाही, ना पुढे ना मागे.

यावरूनही काही कळतं. टायमिंग चेन तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला असता तर क्रँक थोडा फिरून ठराविक जागी अडला असता. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असतं तर उलटा थोडा तरी फिरला असता. पावसाळा नव्हता, तरी त्यांनी चारही प्लग काढले आणि आत छोटा कॅमेरा सोडला. पिस्टनच्या डोक्यावर कोरडी काजळी, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा नाही. हेडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाच्या, बाजूला काही झालेलं दिसत नव्हतं. म्हणून हेड न उतरवता खालून उघडायचं ठरलं. वरून सुरुवात केली असती तर हेडचं पॅकिंग, कूलंट, टायमिंग असा सगळा खर्च विनाकारण अंगावर आला असता.

ऑइल काढताना मिस्त्रींनी ते जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं. कापड उन्हात धरलं तर जरीसारखी चमक. त्याखालून लोहचुंबक फिरवलं, चमक जागची हलली नाही. लोखंड असतं तर चिकटलं असतं. क्रँकच्या बेअरिंगच्या वाट्यांना आतून मऊ धातूचा थर असतो, तो चुंबकाला धरत नाही. मग ऑइल फिल्टर करवतीने कापला आणि आतला घडीचा कागद टेबलावर उलगडला. प्रत्येक घडीत तीच चंदेरी पूड, आणि मधेमधे काळसर, रबरासारखे बारीक तुकडे. मिस्त्रींनी एक तुकडा चिमटीत धरून ताणला. तो लांबला आणि तुटला.

चेंबर उतरवला आणि सगळा उलगडा झाला. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी सिलिकॉन सोल्यूशनच्या (फटी बंद करायला लावतात त्या रबरी लुकणाच्या) दोऱ्यांनी गच्च भरलेली होती, मधे जेमतेम नखाएवढी जागा उघडी. काही महिन्यांपूर्वी चेंबरमधून गळती होत होती म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजात तो काढून पुन्हा बसवला होता. या इंजिनात तिथे कागदी पॅकिंग नसतं, सोल्यूशनची रेघ असते आणि ती बारीक, ३ मिलिमीटरच्या आसपासच हवी. इथे करंगळीएवढी जाड लावलेली. बोल्ट आवळल्यावर जास्तीचं बाहेर येतं तसं आतही जातं. बाहेरचं पुसलं जातं. आतलं गरम ऑइलमध्ये सुटतं आणि जाळीकडे ओढलं जातं. शहरात कमी वेगात तेवढ्या फटीतून भागलं असावं. हायवेवर, वरच्या फेऱ्यांना, पुरलं नाही. क्रँक आणि बेअरिंगच्या वाटीमध्ये केसापेक्षा बारीक फट असते, त्यात दाबाखालच्या ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातू धातूला घासतो, तापतो आणि धरतो.

तिसऱ्या नंबरच्या कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची, टोपी निळी-काळी पडली होती. मिस्त्रींनी तिचे दोन नट ढिले केले आणि मला म्हणाले, "आता पुलीला दांडा लावा." मी एकट्याने लावला आणि क्रँक फिरला. इतर तिन्ही रॉड जोडलेले असतानाच. याहून पक्का पुरावा कोणता हवा! सगळं इंजिन एका वाटीने धरून ठेवलं होतं.

पुढचं काम नेहमीचं. क्रँक ग्राइंडिंगला गेला, ०.२५ मिलिमीटर घासून तो जर्नल (वाटी बसते तो क्रँकचा भाग) साफ होईना, ०.५० ला झाला. त्या मापाच्या वाट्या, तिसरा रॉड नवा, ऑइल पंप नवा, आणि क्रँकमधली ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ. विमा कंपनीला फोन केला होता, पण नेहमीच्या पॉलिसीत अपघाताशिवायचा यांत्रिक बिघाड बसत नाही, त्यामुळे तिथून काही मिळालं नाही. पुण्यातल्या गॅरेजच्या मालकांना जाळीचे, चेंबरच्या कडेचे फोटो आणि त्यांचंच बिल पाठवलं. त्यांनी वाद घातला नाही, सुट्या भागांचा खर्च दिला. रस्त्यावरच जुनं इंजिन बसवून मोकळा झालो असतो तर दाखवायला माझ्याकडे काहीच नसतं.

इंजिन पहिल्यांदा चालू करताना मिस्त्रींनी प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज बसवला, प्लग काढून ठेवले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि नुसता सेल्फ मारत राहिले. काटा वर चढल्यावरच प्लग घातले. गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) दर चौरस सेंटीमीटरला दीड किलोच्या आसपास, फेऱ्या वाढवल्यावर साडेतीन. ५०० किलोमीटरनंतर पहिलं ऑइल बदललं तेव्हा मी फिल्टर मागून घेतला आणि घरी कापून पाहिला. कागद स्वच्छ होता, एका घडीत ग्राइंडिंगची थोडी करडी पूड, बाकी काही नाही.