वार बरोबर, तारीख चूक

पिकअप जुनी, पण इंजिन ठणठणीत. मालकाची तक्रार एवढीच, की गाडीतल्या स्क्रीनवरची तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेलीय आणि हाताने बदलली तरी थोड्या वेळाने परत तिथेच येते. मला आधी बॅटरीची वायर सैल असेल असं वाटलं. मग सहज बघितलं, तर वार बरोबर, मिनिटंसुद्धा बरोबर. वायरीचा दोष असता तर वेळही गेली असती. मोबाइलवर मोजलं: फरक ७,१६८ दिवसांचा, म्हणजे नेमके १,०२४ आठवडे. पूर्ण आठवडेच मागे गेले, म्हणून वार हलला नव्हता.

ही स्क्रीन तारीख जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून घेते. जुन्या जीपीएस सिग्नलमध्ये आठवड्याच्या आकड्याला १० बिट्सच जागा आहे, म्हणजे शून्य ते १,०२३ एवढंच मोजता येतं. १,०२३ नंतर पुन्हा शून्य. सगळ्या उपग्रहांचा आकडा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री (ग्रीनिचच्या वेळेनुसार) असाच शून्यावर आला होता. पण काही रिसीव्हर स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे त्यांची फजिती वेगळ्याच दिवशी होते. कंपनीने यासाठी अपडेट काढलं होतं. चॅसिस नंबर टाकून फाइल उतरवली.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह स्क्रीनला दिसेचना. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि स्क्रीनच्या या जुन्या युनिटला फॅट३२ ही जुनी पद्धतच कळते. ८ जीबीचा शोधून फॉरमॅट केला, तरी तेच. कारण मी तो ज्या सॉकेटमध्ये खुपसला होता ते नुसतं चार्जिंगचं होतं! डेटाचं सॉकेट आर्मरेस्टच्या आत. यात अर्धा तास गेला.

खरी चूक पुढे. बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवत होती, चालेल म्हटलं. शेड बंद, धूर कोंडेल म्हणून इंजिन बंद ठेवलं आणि किल्ली ऑनवर ठेवून अपडेट सुरू केलं. ब्लोअर चालूच राहिला होता, ते लक्षातच आलं नाही. अपडेट ६० टक्क्यांवर असताना मीटर बघितला तर ११.८. अपडेट अर्धवट तुटलं तर युनिट मेलंच समजा, आणि रिव्हर्स कॅमेराही त्याच स्क्रीनवर. ब्लोअर बंद केला. बंद चार्जरचे चिमटे लावले, आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह बॉडीला, आणि त्यानंतरच स्विच दाबला. तेवढ्यात स्क्रीन काळी!

मालक पुढे झुकून बटण दाबणार, तोच मी त्यांचा हात धरला. ‘दादा, हात लावू नका.’ युनिट स्वतःच रीस्टार्ट होत असेल, अशी आशा होती, खात्री नव्हती. घड्याळ बघायची सोय नव्हती, तेही त्याच काळ्या स्क्रीनवर. बऱ्याच वेळाने लोगो आला, मग पट्टी ६१ वरून पुढे सरकली.

चिमटे शेवटपर्यंत काढले नाहीत. तारीख बरोबर आली, रिव्हर्स टाकून कॅमेरा बघितला, तोही ठीक. मी घाम पुसत होतो आणि मालक रेडिओची बटणं एकामागून एक दाबत होते.

‘अहो, माझी स्टेशनं कुठे गेली सगळी?’