आमची वाटचाल : लोकांच्या पिशव्यांतून निघालेले अल्बम

इंदूरच्या जेल रोडवर आता नजर जाईल तिकडे मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसतात. त्या गर्दीत आमच्या दुकानाच्या बोर्डावर अजून ‘रेडिओ-ट्रान्झिस्टर दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. बोर्ड बाबांनी 1971 साली रंगवून घेतला, त्यांची आठवण म्हणून ठेवलाय, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे. नवा बोर्ड करायचा तर त्यावर नेमकं काय लिहायचं, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

बाबा व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. मर्फी, फिलिप्स, बुश. बुधवार हा सगळ्यांत कठीण वार, कारण रात्री आठला बिनाका गीतमाला लागायची आणि ज्याचा रेडिओ आमच्याकडे पडलेला, तो माणूस संध्याकाळपासून काउंटरला टेकून उभा. पुढे टेप आले. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली आणि दुरुस्तीच्या जोडीला आम्ही कॅसेटी भरून द्यायला लागलो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. बाबांचं कसब असं, की C-90 कॅसेटची 45 मिनिटांची बाजू संपताना गाणं कधी अर्ध्यात तुटायचं नाही. यादीशेजारी पेन्सिलीने मिनिटं मांडायची, आणि शेवटी तीन-साडेतीन मिनिटं उरली तर तेवढ्यात बसेल असं एखादं गाणं स्वतःच्या पसंतीनं घालायचं. त्या न मागितलेल्या गाण्यासाठी पुन्हा येणारे लोक होते. कायद्याच्या नजरेत हा उद्योग काय होता, हे तेव्हा जेल रोडवर कुणी कुणाला विचारत नसे.

सीडीचं युग आलं आणि गेलं. एमपी3 च्या एका सीडीवर दीडशे गाणी मावायला लागली, तेव्हाच मिनिटांचा हिशेब संपला. नंतर मेमरी कार्डं. ‘भैया, दो जीबी फुल कर दो’ एवढंच गिऱ्हाईक बोलायचं. कोणती गाणी, हेही सांगायचं नाही. त्या काळात पैसा चांगला मिळाला, पण त्या वर्षांतलं एकही गाणं मला आठवत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, गाणी फुकट झाली आणि कार्डं भरायचं काम बघता बघता थांबलं.

मात्र घरोघरच्या लोखंडी पेट्यांत जे पडून होतं, ते कुठल्याच ॲपवर नव्हतं. आजोबांचं कीर्तन, मुंजीतली मंगलाष्टकं, आणि ज्या अल्बमवर घरातल्या कुणीतरी पेनानं तारीख घातलीये ती नेमकी तीच प्रत. ज्या यंत्रांवर हे वाजायचं ती बंद पडली होती, आणि यंत्रं दुरुस्त करणं आम्हाला येतच होतं. आज मी, बायको आणि एक कारागीर असे तिघं हेच करतो. एचएमव्हीचे फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर येतात, एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे गॅरार्डचे चेंजर येतात. बहुतेकांचा आजार एकच: आतलं रबराचं चाक कडक झालेलं किंवा पट्टा सैल पडलेला. यंत्र चालू झालं की रेकॉर्ड धुवायची, सुई बदलायची आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवून त्याची फाइल करायला बसायचं. 20 मिनिटांची बाजू उतरवायला 20 मिनिटंच लागतात. कॉम्प्युटर कितीही महागाचा घ्या, तिथे घाई चालत नाही. त्यामुळे दिवसभर माझ्या कानावर काय पडणार, हे गिऱ्हाईकाची पिशवी ठरवते. सरत्या वर्षातले माझे आवडते अल्बम असेच ठरले.

पहिला मान उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एलपीला, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डला. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इंदूर घराणं त्यांच्या नावानं ओळखलं जातं, वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगिये, त्यामुळे ही रेकॉर्ड इथल्या जुन्या मराठी घरांत सापडतेच. ही राजेंद्र नगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांची होती. भिंगाखाली धरली तर दरबारीची बाजू झिजून करडी पडलेली, आणि मारव्याची जवळजवळ कोरी. मी विचारलं, ‘सर, मारवा आवडत नव्हता का?’ ते हसले. म्हणाले, ‘आमच्या आईला दिवेलागणीला मारवा चालायचा नाही. जीव उदास होतो म्हणायची. वडील मग सगळे झोपल्यावर दरबारी लावायचे.’ मारवा संध्याकाळचा राग; संध्याकाळी लावायचा नाही तर मग लावायचा कधी? घरातल्या त्या तहाचा कागद म्हणजे ती रेकॉर्ड.

कोऱ्या बाजूचा फायदा मला झाला. खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल म्हणजे दोन स्वरांमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि झिजलेल्या रेकॉर्डीची खरखर नेमकी त्याच जागेत ऐकू येते. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरं आहेत, मीही वापरतो. पण आपल्या संगीतावर ती सरसकट फिरवणं हा अत्याचार आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, अशी त्या सॉफ्टवेअरची समजूत, आणि आपल्याकडे सतत एकसारखा वाजतो तो तंबोरा. मशीनच्या हवाली केलं तर ते आधी तंबोराच पुसून टाकतं. म्हणून मोठ्या टिचक्या तेवढ्या मी हातानं एकेक काढतो, बाकीची खरखर राहू देतो. दरबारीवर अशा टिचक्या इतक्या होत्या की कारागीर वैतागला.

‘शिवकल्याण राजा’ या वर्षी तीन वेगवेगळ्या घरांतून आला. राज्याभिषेकाला 300 वर्षं झाली तेव्हा, 1974 साली निघालेला अल्बम: हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. लताबाईंचा जन्म आमच्या इंदूरचा, 1929 चा, हे सांगितल्याशिवाय इथला माणूस पुढे बोलतच नाही, तेव्हा मीही सांगून टाकतो. एकानं ही रेकॉर्ड देताना जे सांगितलं ते महाराष्ट्रातल्या लोकांना कदाचित गमतीचं वाटेल. त्यांच्या घरी कवी भूषणाचा ‘इंद्र जिमि जंभ पर’ पोरांना पटकन कळायचा, कारण तो ब्रज भाषेत आणि पोरं हिंदी शाळेतली. अडायचं ते समर्थांच्या ‘निश्चयाचा महामेरू’पाशी. आजोबा सुई उचलून धरायचे, ओळीचा अर्थ सांगायचे आणि पुन्हा ठेवायचे. सुई ठेवायच्या त्या जागी खरंच बारीक ओरखड्यांचा झुबका आहे. ‘आमचं मराठी जेवढं काय आहे ना, ते पुरंदऱ्यांच्या निवेदनावर झालेलं आहे,’ ते म्हणाले, आणि पुढचं सगळं हिंदीत बोलले.

देवासहून एक टेलर काका आले, कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची कॅसेट घेऊन. कुमारजी क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये देवासला आले ते कायमचेच. टेकडीच्या पायथ्याचं त्यांचं घर, भानुकुल, देवासच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाणं बंद असतानाच्या वर्षांत त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, आणि ते सगळं नंतर त्यांच्या गाण्यात उतरलं. या कॅसेटचा प्रेशर पॅड, म्हणजे टेप हेडला दाबून धरणारा छोटा तुकडा, गळून पडला होता, म्हणून आवाज खोल गेल्यासारखा येत होता. पॅड बदलला, वाजवली, आणि कबीराच्या मधोमध एक लहान मुलगी मोठ्यांदा पाढे म्हणायला लागली. दो एकम दो, दो दूनी चार. पाठीमागून कुणीतरी ‘जोर से बोल’ म्हणतंय. विकतच्या कॅसेटीच्या पाठीवरच्या खाचा मोकळ्या असतात, त्यावर रेकॉर्ड होत नाही. पण खाचेवर चिकटपट्टी लावली की होतं, आणि त्या काळात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी काकांना फोन केला. कुमारजींचं तेच भजन चांगल्या प्रतीवरून घेऊन मधला भाग भरता येईल, असं सुचवलं. काका म्हणाले, ‘अहो नको, पाढ्यांसाठीच तर आणलीय. भजन काय, मोबाइलवर मिळतं.’

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून बालगंधर्वांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्यांची पेटी आली, त्याबद्दल सगळ्यांनाच सांगून ठेवतो. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. घरातल्या कुणा उत्साही माणसानं पाठवण्याआधी दोन तबकड्या स्पिरिटच्या बोळ्यानं ‘स्वच्छ’ केल्या होत्या. त्यांवर आता काहीही उरलेलं नाही. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, बस्स. सुईही वेगळी लागते, 78 ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. बाकीच्या तबकड्या मात्र सुखरूप उतरल्या. तीन-सव्वातीन मिनिटांची एक बाजू, आणि तेवढ्यात नाट्यपद पुरं. रंगमंचावर एका पदाला वन्समोअर घेत घेत रात्र काढणारा माणूस तीन मिनिटांत कसा मावला असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

‘शोले’च्या संवादांची पॉलिडॉरची एलपीही आली होती. ती फाइल करताना शेजारचे दोन दुकानदार काम सोडून येऊन बसले आणि गब्बरच्या आधी स्वतःच बोलत राहिले. त्या दिवशी धंदा शून्य.

या यादीतली सगळ्यात आवडती मात्र अल्बम म्हणावी अशी वस्तूच नाही. साधी कॅसेट, वर निळ्या शाईत ‘आईचे अभंग’. आणणारी नात स्वतः गाणं शिकवते. पहिली फाइल ऐकून ती म्हणाली, ‘दादा, ही आजी नाही. आजी काळी दोनमध्ये गायची, हा स्वर पांढरी तीनचा लागतोय.’ पेटीवरच्या या लागोपाठच्या दोन पट्ट्या; अर्ध्या स्वराचा फरक, म्हणजे वेगात सुमारे 6 टक्क्यांचा. पण आठवणीवर विसंबून वेग बदलायचा नाही, हा बाबांचा नियम. मग घरातल्या विजेची मदत घेतली. लाइटवर चालणाऱ्या टेपमध्ये विजेची बारीक घूं उतरते आणि ती आपल्याकडे 50 हर्ट्झची असते. या कॅसेटमध्ये ती 53 च्या आसपास निघाली. म्हणजे भरतानाच टेपचा पट्टा सैल होता, यंत्र हळू फिरत होतं, आणि आता योग्य वेगानं लावलं की आवाज चढा येत होता. घूं 50 वर आणली आणि आजी बरोबर काळी दोनवर आली. नातीनं हेडफोन काढलाच नाही. तिसरा अभंग सुरू झाला तेव्हा बायकोनं तिच्यासाठी चहा मागवला.

लोक विचारतात, रेकॉर्डीचा आवाज खरंच जास्त चांगला असतो का? हल्ली नव्या एलपी फॅशन म्हणून विकत घेणारी तरुण मुलंही येतात. टर्नटेबल त्यांना आम्हीच जोडून देतो, तेव्हा माझ्या पोटावर पाय येईल असं बोलू नये. तरी सांगतो: चांगल्या मास्टरवरून केलेली डिजिटल फाइल जास्त स्वच्छ असते. मात्र तिच्यावर कुणाच्या आजोबांनी सुई ठेवलेली नसते.

आता पुढचं काम स्पूलचं, म्हणजे मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेपचं. रामबागेतल्या एका घरात घरगुती मैफलींचे स्पूल निघालेत. डब्यांवर नुसते राग लिहिलेत, गाणाऱ्याचं नाव नाही. काही सेकंदाला पावणेचार इंचांच्या वेगानं भरलेले, काही साडेसातच्या. जुनं स्पूल मशीन मिळालंय, त्याचं हेड झिजलेलं आहे, दुसरं शोधतोय. पावसाळ्यात ते डबे उघडू नका, बुरशी धरेल, एवढं मी घरच्यांना बजावून आलोय. त्यांनी दिवाळीनंतर आणून देतो म्हटलंय, आणि भाव आताच सांगा म्हणून मागे लागलेत.