हिकरीचा दांडा निवडताना

हिकरीबद्दल, म्हणजे मुख्यतः उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या एका झाडाच्या लाकडाबद्दल, बोलताना बहुतेक जण तिच्या कठीणपणापासून सुरुवात करतात. पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती बल लागते हे मोजणाऱ्या जान्का कसोटीत शॅगबार्क या जातीच्या हिकरीचा आकडा सुमारे १,८८० पौंड भरतो, तर रेड ओक या दुसऱ्या झाडाच्या लाकडाचा १,२९०. मात्र उष्ण प्रदेशांत याहून कठीण लाकडे कितीतरी आहेत, आणि त्यांतली काही कुऱ्हाडीला दांडा म्हणून बसवली तर फार दिवस टिकणार नाहीत. हिकरीचा खरा गुण म्हणजे अचानक बसलेला दणका किंचित वाकून पचवण्याची ताकद. म्हणूनच उत्तर अमेरिकेत हातोड्या-कुऱ्हाडींचे दांडे, गाड्यांच्या चाकांचे आरे आणि ड्रमच्या काठ्या तिच्यापासून होत आल्या. गोल्फच्या काठ्यांचे दांडेही पोलाद येईपर्यंत हिकरीचेच असत.

दांडा घेताना मी आधी त्याचे टोक पाहतो. हिकरीच्या वार्षिक वलयात वसंतातला थर सच्छिद्र आणि उन्हाळ्यातला घट्ट असतो. झाड फार सावकाश वाढले तर घट्ट थर अरुंद राहतो, त्यामुळे अगदी दाट वलयांचे लाकूड भक्कम वाटले तरी हलके आणि कमकुवत निघू शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेषांची दिशा: त्या दांड्याच्या लांबीला धरून टोकापर्यंत गेल्या पाहिजेत, कारण मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडल्या की दांडा नेमका तिथेच चिरतो. रंगाला मात्र उगाच भाव दिला जातो. सालीलगतचे पांढरे बाह्यकाष्ठ मजबूत आणि तांबूस गाभा दुय्यम, हा समज जुना आहे, पण अमेरिकी वनखात्याच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच तो टिकला नव्हता.

उघड्यावर, ओल्या जमिनीत हिकरी वापरू नये. ती लवकर कुजते आणि तिला भुंगेरेही लागतात. वाळताना ती बरीच आकसते, त्यामुळे पुरेसे न सुकलेले लाकूड वापरले तर कुऱ्हाडीचे पाते पुढे हमखास हलू लागते. अशा वेळी दांडा पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, परंतु फुगलेले लाकूड लोखंडाच्या भोकात दाबले जाऊन चेपते आणि वाळल्यावर पाते आधीपेक्षाही सैल होते. त्यापेक्षा दांडा नीट सुकू द्यावा, नवी पाचर ठोकावी आणि उघड्या टोकाला जवसाचे तेल पाजावे.