ब्रेक सोडतानाचा पाऊण सेकंद

श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. ३.७ किलोमीटरची फेरी, १२ वळणं. तिथल्या एका चाचणीच्या दिवसाची ही नोंद. आमच्याकडे एकआसनी फॉर्म्युला गाड्या, दोन. माझं काम डेटाचं: गाडीतल्या लॉगरमधून, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्रातून, पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) आणि चारही चाकांचा वेग काढायचा, दोन ड्रायव्हरांच्या आलेखांच्या रेघा एकावर एक ठेवायच्या आणि वेळ कुठे गळते ते शोधायचं.

त्या दिवशी दुसऱ्या नंबरच्या गाडीत नवा ड्रायव्हर बसणार होता. वय १९, पुण्याचा, दोन हंगाम दुसऱ्या टीमकडे काढून आलेला. आदल्या दिवशी हीच गाडी आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरने चालवली होती आणि शेवटच्या सत्रात पुढचं उजवं चाक कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, जोरात आदळलं होतं. रात्री त्या चाकाचा पुशरॉड, म्हणजे चाकाचा भार सस्पेन्शनच्या स्प्रिंगपर्यंत नेणारा दांडा, बदलला. सकाळी नेहमीच्या ड्रायव्हरने चार फेऱ्या मारल्या, वेळ चांगली आली, "गाडी ठीक आहे" म्हणून तो आपल्या गाडीकडे गेला.

मग नवा मुलगा बसला. वापरलेले, एकाच वयाचे चार टायर, गरम झाल्यावर चारही चाकांत २१ पीएसआय, टाकीत तेवढंच पेट्रोल. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नवे टायर द्यायचे नसतात. नव्या रबराची पकड इतकी असते की गाडीचे आणि ड्रायव्हरचे, दोघांचेही दोष झाकले जातात. दहाव्या फेरीनंतरही तो सकाळच्या वेळेपेक्षा ०.६८ सेकंद मागे होता.

पिटमध्ये आल्यावर म्हणाला, "दादा, नाक वळतच नाही. वळणाच्या मध्यावर गाडी सरळ जाते." शिवाय उजव्या दोन वळणांवर पुढचं उजवं चाक जाम होत होतं. लॉगरमध्ये त्या चाकाचा वेग ०.३ सेकंद शून्यावर दिसत होता आणि टायरवर चपटा डाग पडला होता.

आम्ही नेहमीचे उपाय केले. पुढचा विंग, म्हणजे हवेच्या जोरावर नाक खाली दाबणारा पंख, एक भोक वर घेतला. वेगाच्या वळणात शेपूट अस्थिर झालं, मंद वळणात काहीच फरक पडला नाही. पडणारही नव्हता. विंगचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १७० च्या वेगाला जेवढा मिळतो त्याचा चौथा हिस्सा ८५ ला मिळतो, आणि हा मुलगा वेळ घालवत होता ती वळणं ८५ च्या आसपासची. विंग परत खाली. पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, एक पायरी मऊ केला. वेळ तीच. ट्रॅकचं तापमान सकाळी ३४ होतं, ते अकराला ५२ वर गेलं. गॅरेजमध्ये कुजबुज सुरू झाली की पोराचा पाय जड आहे.

टीम बदललेल्या ड्रायव्हरबद्दल हा निकाल फार लवकर लागतो, अगदी वर फॉर्म्युला वनपर्यंत. २०२५ मध्ये लियाम लॉसनला रेड बुलमध्ये दोन शर्यती मिळाल्या. मेलबर्नला पात्रता फेरीत १८ वा, शांघायला २० वा, आणि जपानच्या आधी तो बाहेर. त्याच मोसमातल्या त्याच गाडीने मॅक्स व्हर्स्टॅपेनने जपानची, सुझुकाची शर्यत जिंकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती गाडी पुढच्या टोकाला अतिशय धारदार होती आणि मागचं टोक सुटत असताना ती चालवत राहणं हे व्हर्स्टॅपेनला जमतं. पण त्या हंगामाआधीची अख्खी चाचणी बहारीनला तीन दिवसांची, गाडी एक, ड्रायव्हर दोन. म्हणजे माणशी दीड दिवस. पायाची सवय दीड दिवसात बदलत नाही, हे आमच्या खालच्या पायरीवरही रोज दिसतं.

दुपारी आमचे प्रशिक्षक-ड्रायव्हर त्याच गाडीत बसले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, परदेशात बरीच वर्षं शर्यती केलेला माणूस. विंग आणि अँटिरोल बार सकाळच्या जागी, डाग पडलेल्या टायरच्या बदल्यात त्याच वयाचा दुसरा. पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीत सकाळच्या वेळेपेक्षा ०.०५ सेकंद जलद. हेल्मेट काढायच्या आधीच बोलले: "उजवीकडे वळताना ब्रेकवर असलो की आतलं पुढचं चाक जमिनीला टेकल्यासारखं वाटत नाही. डावीकडे उलट, तिथे शेपूट हलकं. सेटअपला हात लावू नका. वजन बघा."

गाडी वजनाला घेतली. काटे चारही चाकांखाली एका पातळीत हवेत; दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा आकडे खोटे पाडतो. टायरचा दाब ठरलेला, अँटिरोल बारची एक-एक कडी सोडलेली, ड्रायव्हर सीटमध्ये, हात स्टिअरिंगवर, चाकं सरळ. गाडी दाबून-सोडून सस्पेन्शन मोकळं केलं आणि आकडे घेतले. पुढे डावं १५१ किलो, उजवं १४०. मागे डावं १८२, उजवं १९५. एकूण ६६८. आमच्या पत्रकावर हवे होते १४५, १४६, १८८ आणि १८९. पुढच्या दोघांची आणि मागच्या दोघांची बेरीज तीच, डाव्या-उजव्या बाजूचीही तीच. फक्त तिरप्या जोडीत घोळ: पुढचं उजवं अधिक मागचं डावं मिळून ५० टक्के हवं, ते ४८.२ होतं.

हे कसं झालं? रात्री नवा पुशरॉड जुन्याच्या शेजारी धरून डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी जुळवली होती. जुना रॉड कर्बच्या दणक्याने वाकलेला होता. सपाट पट्टीवर फिरवल्याशिवाय डोळ्याला दिसणार नाही इतकाच, पण वाकलेला रॉड टोकापासून टोकापर्यंत आखूड भरतो. नवाही तेवढाच आखूड बसला. त्या कोपऱ्यावरचा भार सुटला आणि दुसऱ्या तिरप्या जोडीवर गेला. गाडीची उंची आम्ही पुढे मधोमध मोजली, ती बरोबर आली. उशीर झाला होता म्हणून काटे लावले नाहीत, आणि "तयार" या रकान्यात सही माझीच होती.

आता उजव्या वळणाचं गणित मांडा. बाहेरचं पुढचं, म्हणजे डावं चाक आधीच जास्त भारलेलं. वळताना त्याच्यावर आणखी भार येतो, आणि टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. म्हणून नाक बाहेर. आतलं उजवं चाक आधीच हलकं, ब्रेकचा दाब मात्र दोन्ही चाकांना सारखा, म्हणून ते जाम. मुलाची तक्रार शब्दशः खरी होती.

मग मी सकाळच्या चार फेऱ्या परत उघडल्या. आमचा नेहमीचा ड्रायव्हर उजव्या वळणांना आदल्या दिवसापेक्षा पाच मीटर आधी ब्रेक मारत होता आणि डाव्या वळणांना थोडा उशिरा. गाडी बिघडली होती, त्याने बिघाड सांभाळून घेत गाडी हाकली, वेळ काढली आणि त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मला नाही जाणवलं काही." जलद ड्रायव्हर आणि अव्वल ड्रायव्हर यांतलं अंतर मला या तीन रेघांत जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचित दिसतं. नव्याला बिघाड झेपला नाही. नेहमीच्याने झेपवला, पण लपवला. अण्णांनी झेपवला आणि चालवता चालवता त्याचं वर्णनही जमवलं, तेही कुठल्या बाजूला, ब्रेकवर की ब्रेक सोडल्यावर, एवढ्या नेमकेपणाने. त्यासाठी गाडी मर्यादेवर ठेवूनही डोक्यात जागा शिल्लक लागते. इंजिनीअरला लॅप टाइमपेक्षा ती शिल्लक जास्त उपयोगाची असते, असं माझं ठाम मत आहे.

पुशरॉड षटकोनी भागाच्या दोन बाजूंएवढा फिरवून लांब केला, तिरपी जोडी ५० वर आली. मुलाला तोंडाने काहीही न शिकवता परत पाठवलं. एका वेळी एकच बदल. फरक ०.६८ वरून ०.४१ वर. म्हणजे वेळेचा बराचसा भाग अजून पायातच होता.

त्या पायाची रेघ अण्णांच्या रेघेवर ठेवली. एका मंद उजव्या वळणाचे आकडे सांगतो. मुलगा तीन मीटर उशिरा ब्रेक मारत होता. पुढच्या ब्रेकचा कमाल दाब त्याचा ६४ बार (बार हे दाबाचं एकक), अण्णांचा ६३. इथपर्यंत तो कमी नव्हताच, उलट धीट होता. वळायला सुरुवात करताना मात्र तो ४० बारवरून ०.२ सेकंदात शून्यावर येत होता. अण्णा वेग उतरेल तसा दाब आधीपासून सोडत येत, वळायला लागताना २२ बारवर असत आणि तिथून पाऊण सेकंदात शून्यावर, जवळजवळ वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपाशी. ब्रेक झटक्यात सुटला की नाक वर उचललं जातं, पुढच्या टायरवरचा भार नेमका तो वळवायला हवा त्या क्षणी निघून जातो. मग स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, गाडी थांबून वाट बघते. किमान वेग ८४ च्या ऐवजी ८१, थ्रॉटल नऊ मीटर उशिरा, आणि ती तूट पुढच्या सरळ पट्ट्यावर शेवटपर्यंत सोबत राहते. उशिरा ब्रेक मारून कमावलेले तीन मीटर त्यापुढे काहीच नाहीत.

तो असं का करत होता, हे त्याला विचारल्यावर कळलं. आधीच्या टीमच्या गाडीत ब्रेकचा समतोल बराच मागे होता, म्हणजे मागच्या चाकांना ब्रेकचा वाटा जास्त. वळताना पाय ब्रेकवर राहिला की मागची चाकं जाम होऊन गाडी फिरायची. दोन हंगामांत पाय शिकला की वळायच्या आत ब्रेक संपवायचा. त्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. टीम बदलताना ड्रायव्हर हेल्मेट आणि हातमोजे घेऊन येतो, तशी ही सवयही येते, फक्त तिची नोंद कुठल्या यादीत नसते. डॅनियल रिकार्डोचं २०२१ मध्ये मॅक्लारेनमध्ये हेच झालं. वळणात वेग वाहवत नेणारा ड्रायव्हर, आणि गाडी मागत होती वळतानाही ब्रेकवर खोलवर पाय. मोंझाची शर्यत जिंकूनही ती गाडी त्याच्या हाती बसली नाही आणि करार एक वर्ष आधी संपला. लुईस हॅमिल्टननेही २०२५ ला फेरारीत गेल्यावर सांगितलं होतं की इथे गाडी वळवायला इंजिन ब्रेकिंगचा (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनमुळे गाडी मंदावते त्याचा) वापर त्याला सवय नाही इतका होतो. सात विजेतेपदं मिळवलेल्या माणसाचे पाय नव्याने शिकतात, तर १९ वर्षांच्या मुलाला एका सकाळीत जोखणं योग्य नाही.

दुसरं कारण सीटमध्ये सापडलं. सीटसाठी दोन द्रावणं मिसळून फोम पिशवीत ओततात आणि तो फुगून घट्ट होईपर्यंत ड्रायव्हरला न हलता बसावं लागतं. त्याचा फोम मांडीखाली जास्त चढला होता आणि ब्रेकचं पेडल १२ मिलिमीटर लांब होतं. टाच तळाला टेकत नव्हती. जोरात दाबायला मांडीची ताकद चालते, पण हळूहळू सोडायचं काम घोट्याचं, आणि टाच अधांतरी असेल तर घोट्याला आधारच नाही. फोम करवतीने कापला, पेडल जवळ घेतलं, टाचेमागे अल्युमिनिअमचा ठोकळा बसवला. पाऊण तास गेला.

मग अण्णांनी त्याला एकच काम दिलं. "घड्याळ विसर. ब्रेक दहा मीटर आधी मार. फक्त त्या एका वळणावर पाय सोडताना मनात एक-दोन-तीन म्हण, तिनावर पाय पूर्ण सुटला पाहिजे." आठ फेऱ्यांत सोडण्याचा वेळ ०.२ वरून ०.५ सेकंदावर आला. दहा मीटरही त्याने आपोआप परत मिळवले. शेवटच्या सत्रात फरक ०.१६ राहिला.

त्या सत्रातून तो ठरल्यापेक्षा दोन फेऱ्या आधी आत आला. मी वेळेचा कागद पुढे करत होतो, त्याने तो घेतलाच नाही. "दादा, पाचव्या फेरीपासून ब्रेक पेडल थोडं लांब गेलंय. आधी बोटाएवढं, आता जरा जास्त. सोडताना अंदाज चुकतोय." डेटात दाब नेहमीसारखाच दिसत होता, पेडल किती सरकतं हे मोजणारा सेन्सर त्या गाडीत नाही. मेकॅनिकने पुढच्या उजव्या कॅलिपरला, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्याला, पारदर्शक नळी लावली, दुसऱ्याने पेडल दाबून धरलं, ऑइल बाहेर काढायचं निपल पाव फेरा उघडलं. नळीतून आधी स्वच्छ ऑइल आलं, आणि मग एकामागोमाग हवेचे तीन बुडबुडे.