मेक्सिको सिटी : भिंतींवरची यंत्रं

मेक्सिको सिटीत भित्तिचित्रं बघायला निघायचं तर मान आणि गुडघे दोन्ही शाबूत हवेत. शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर. दोन जिने चढले की धाप लागते, आणि बघण्यासारखी चित्रं हटकून वरच्या मजल्यावर.

झोकालो चौकापासून थोडं चाललं की शिक्षण खात्याची जुनी इमारत लागते. 1910 ची क्रांती दहा वर्षं धुमसली. ती शमल्यावर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. दिएगो रिव्हेराने 1923 ते 1928 या काळात इथल्या दोन चौकांभोवतीचे व्हरांडे रंगवले, ओल्या गिलाव्यावर. तळमजल्यावर खाणीची दोन चित्रं आहेत. एकात कामगार लाकडी वासे घेऊन जमिनीच्या पोटात उतरताहेत. दुसऱ्यात एकजण वर आलाय, दोन्ही हात पसरून उभा, आणि मुकादम त्याचे कपडे चाचपून झडती घेतोय. घरोघरी क्रूस असलेल्या देशात त्या पसरलेल्या हातांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

वर गेलं की ‘वॉल स्ट्रीटची मेजवानी’. टेबलाशी रॉकफेलर, मॉर्गन आणि हेन्री फोर्ड. बसलेत जेवायला, पण सगळ्यांचं लक्ष शेअरच्या भावांच्या सोनेरी फितीवर. त्याच मालिकेत आणखी एक टेबल आहे, तिथे मात्र खरोखरचा पाव आहे. तो मोडून वाटणारा माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे! गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवत मेक्सिकोत पोचलेले, पुढे चापिंगोच्या कृषी विद्यालयात मका आणि गव्हावर संशोधन करणारे, रिव्हेराचे स्नेही. या चित्रापुढे मी जरा जास्तच रेंगाळले. विदर्भाच्या माणसाला एवढी सूट मिळावी.

रिव्हेराचा राग यंत्रावर आहे, असं मात्र समजू नका. मेजवानीत ज्या फोर्डची टर उडवली, त्याच्याच मुलाच्या पैशातून त्याने 1932-33 मध्ये डेट्रॉइटच्या संग्रहालयात मोटारीचा कारखाना रंगवला, तोही अगदी प्रेमात पडून. त्याचं भांडण मालकाशी. यंत्र कामगाराच्या हाती द्या, सगळं सुरळीत होईल, असा त्याचा विश्वास.

हा विश्वास आणि त्याचा निकाल, दोन्ही बेयास आर्तेस म्हणजे ललित कलांच्या संगमरवरी महालात समोरासमोर लागलेत. एका भिंतीवर रिव्हेराचं 1934 चं चित्र. मुळात ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसाठी होतं. त्यात लेनिन दिसला, मालक बिथरले, चित्रकार हटेना. शेवटी फेब्रुवारी 1934 मध्ये भिंतीवरचं चित्र फोडून टाकलं. रिव्हेराने इथे ते नव्याने काढलं आणि सूडही उगवला : दारूच्या थेंबालाही न शिवणारा धाकटा रॉकफेलर आता मद्याच्या पार्टीत बसलाय. मधोमध हातमोजे घातलेला कामगार, यंत्राच्या दांड्यावर हात. त्याच्यापासून दुर्बिणीतले तारे आणि सूक्ष्मदर्शकातले जंतू लांबट पट्ट्यांमधून चहूकडे पसरलेले. चेहरा शांत. सगळं आटोक्यात.

मग पाठ फिरवायची. समोर ओरोस्को, रिव्हेराच्याच पिढीतला दुसरा भित्तिचित्रकार. तेच साल, लांबीही जवळपास तेवढीच, अकरा मीटरच्या वर. इथे दांड्यावर कोणाचाच हात नाही. दातेरी चाकं, बंदुकांच्या नळ्या आणि माणसं यांचा एकच चिखल झालाय. दोन पुरुष एकमेकांच्या जिवावर उठलेत. खाली दागिन्यांनी मढलेली एक बाई पाय फाकून आडवी पडलीय आणि तोंड भरून हसतेय, तिचे दात बराच वेळ डोळ्यांपुढून हलत नाहीत. वर आग. मालक कोण, कामगार कोण, या प्रश्नाला इथे जागाच नाही. लोक रिव्हेरासमोर फोटो काढत होते, ओळखीचे चेहरे शोधत होते : तो मार्क्स, तो ट्रॉट्स्की. ओरोस्कोपुढे फारसं कोणी थांबत नव्हतं. मला विचाराल तर रिव्हेरा जास्त देखणा, पण खरं बोलतो तो ओरोस्को. 1934 नंतरची दहा वर्षं त्याच्या बाजूने गेली.

तिसरा गडी सिकेरोस. त्याचं चित्र विजेच्या कामगारांच्या संघटनेच्या जिन्यात आहे, 1939-40 चं. त्याने हवेच्या दाबावर चालणारी फवारणीची बंदूक आणि मोटारींना देतात तसला औद्योगिक रंग वापरला, म्हणजे कारखान्याचीच हत्यारं कारखानदारांवर रोखली. जिना चढताना एक अवाढव्य यंत्र अंगावर येतं, माणसांच्या रक्ताची नाणी पाडणारं. काम अर्धवट असताना, मे 1940 मध्ये, हे महाशय मेक्सिकोत आश्रयाला आलेल्या रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीच्या घरावर गोळ्या झाडायला गेले आणि मग फरार झाले. चित्र पुरं केलं ते स्पेनमधून परागंदा होऊन आलेल्या होसेप रेनाउ आणि सहकाऱ्यांनी. छतावर मात्र मोकळं आकाश, विजेचे मनोरे, धुराडी आणि संघटनेचा झेंडा. यंत्र तेच, फक्त निशाण बदललेलं. 2009 च्या ऑक्टोबरात सरकारने एका हुकमासरशी इथली सरकारी वीज कंपनी बंद केली आणि चाळीस हजारांवर कामगार घरी बसले. संघटनेचा कारभार सुरूच आहे, त्यामुळे चित्र बघायचं तर दारावर विचारूनच आत जावं लागतं.